दुसरा खटका

"साहेब, अंगठा बधिर झालाय." कोर्टाच्या वाटेवर जीपमध्ये मागं बसलेल्या आरोपीनं दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "आलंच कोर्ट, दम धर." मला पोलीस खात्यात लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. आरोपी पळाला तर आपली नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. हात पाठीमागं घेऊन बेडी घातली होती आणि दर खड्ड्याला तो सीटवर रेलत होता. कोर्टात उतरवला तेव्हा मनगट सुजून बेडी मांसात रुतलेली. पुढच्या तारखेलाही अंगठ्याच्या मागच्या बाजूला त्याला स्पर्श कळत नव्हता. गुन्हा किरकोळ चोरीचा. ते मनगट मला अजून दिसतं.

सांगलीला शस्त्रागारात एक जुने हवालदार होते. त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. माझेच हात मागं घेऊन बेडी घातली, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "आता टेक मागं." पाठीचा भार पडला तशी बेडी कर्रकन एकेक दात पुढं सरकली.

"दुसरा खटका मारला न्हाईस तू. म्हणून आवळत जाती ती."

दात्यांच्या बेडीला दोन कुलपं असतात, हे मला खरोखर माहीत नव्हतं. पहिल्या कुलपात बेडी मागं सरकत नाही, पण पुढं सरकते, म्हणजे घट्ट होतच राहते. चावीच्या टोकाला बारीक खिळ्यासारखा भाग असतो. त्यानं बाजूचा खटका दाबला की बेडी आहे तिथंच थांबते, घट्टही होत नाही आणि सैलही. दाबून झालं की बेडी ढकलून बघायची, सरकली नाही तरच खटका बसला. मनगटाच्या हाडाच्या वर, कातडी आणि लोखंड यांच्यात बोटाचं टोक जाईल इतकी जागा ठेवायची. अंगठ्याकडं जाणारी, स्पर्श कळवणारी शीर मनगटापाशी अगदी कातडीखाली असते, ती दाबली गेली की बधिरपणा येतो. दोन्ही हातांची पाठ एकमेकांकडं, म्हणजे तळहात बाहेर, आणि चावीचं भोक आपल्याला दिसेल असं. चार दिवस मी रोज दोन तास हेच करत होतो, शेवटी डोळे मिटून.

बेडी घालायची की नाही, हा प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा. सर्वोच्च न्यायालयानं 1980 साली प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं की बेडी सरसकट घालायची नाही, कारण लिहावं लागेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद अशा प्रकरणांत बेडीची मुभा आहे. माझ्या त्या किरकोळ चोराला मुळात बेडीची गरजच नव्हती, हे आज मला साफ दिसतं.

पिस्तुलाच्या होल्स्टरचंही, म्हणजे कमरेला पिस्तूल ठेवायच्या म्यानाचंही, असंच झालं. मी बाजारातून नायलॉनचं मऊ होल्स्टर घेतलं होतं, हलकं म्हणून. त्याच हवालदारांनी रिकामं पिस्तूल त्यात सरकवून दाखवलं: तोंड मिटतं आणि वरचा पट्टा आत दुमडतो. तो पट्टा ट्रिगरपाशी गेला तर आपल्याच मांडीत गोळी. मग ट्रिगर पूर्ण झाकणारं, तोंड ताठ राहणारं आणि पळताना पिस्तूल बाहेर न येणारं होल्स्टर घेतलं. ते घेताना वाळूच्या पेटीकडं नळी धरून पिस्तूल रिकामं केलं आणि मग पन्नासदा आत-बाहेर केलं. होल्स्टरमध्ये ठेवताना घाई करायची नाही, नजर होल्स्टरवर, बोट ट्रिगरच्या बाहेर. काढताना वेग चालतो, ठेवताना नाही. पावसाळ्यात रेनकोटची दोरी आत जात नाही ना, तेही बघतो.

आरोपी पार्टीत, म्हणजे आरोपीला कोर्टात नेणाऱ्या पोलिसांच्या तुकडीत, आता चावी दोघांकडं असते. एकदा मिरजेच्या अलीकडं एकाला फिट आली. गाडी कडेला घेतली, बेडी सोडली आणि त्याला कुशीवर वळवलं. पालथा ठेवला की श्वास कोंडू शकतो. शुद्धीवर आल्यावर त्यानं पाणी मागितलं. दवाखान्यात दाखवून मग कोर्टात नेलं आणि बेडी सोडल्याची वेळ, कारण स्टेशन डायरीत लिहिलं.