अहवाल निघाला, पण प्रोग्राम संपेना

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याचे पाळीचे हिशेब आमच्या प्रोग्राममधून निघतात. कोणत्या मागावर किती पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) पडले, ताणा किंवा बाणा, म्हणजे उभा किंवा आडवा धागा, तुटून माग किती वेळ बंद राहिला, अशा महिनाभराच्या नोंदी वाचून हा प्रोग्राम पाळी संपताना अहवाल छापतो. तक्रार अशी होती की अहवाल हातात पडून पडद्यावर ‘काम पूर्ण’ उमटल्यानंतरही प्रोग्राम पाच-सहा मिनिटे बंदच होत नाही, आणि तोवर त्याची लॉक फाइल, म्हणजे ‘काम चालू आहे’ असे इतर प्रोग्रामना सांगणारी खुणेची फाइल, जागेवर असल्यामुळे पुढच्या पाळीची नोंद अडून राहते. मी पोहोचले तेव्हा पाळी बदलत होती. जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, म्हणाले, ‘‘मॅडम, कागद तर निघाला की. आता हे कशाचा हिशोब करत बसलंय?’’

प्रश्न नेमका होता. संशय आधी प्रिंटरवर आणि मग नेटवर्कवर गेला. परंतु दोन्ही शांत होते आणि डिस्कचा दिवा मात्र अखंड लुकलुकत होता. प्रोग्रामचा वेळ कोठे जातो हे दाखवणारे लिनक्सवरील ‘पर्फ’ हे साधन लावून पाहिल्यावर कळले की सगळा वेळ पायथॉनची डिक्शनरी (नोंदी साठवण्याची रचना) आणि तिच्यातील लहान लहान ऑब्जेक्ट, म्हणजे एकेक माहितीचे तुकडे, मोडण्यात जात आहे. सीपायथॉनमध्ये, म्हणजे पायथॉनच्या नेहमीच्या आवृत्तीत, प्रत्येक ऑब्जेक्टजवळ त्याच्या संदर्भांची संख्या, म्हणजे तो किती ठिकाणांहून वापरात आहे हे, लिहिलेली असते. बंद होताना इंटरप्रिटर (पायथॉनचा प्रोग्राम चालवणारा भाग) मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचे विभाग, रिकामी करतो, त्या प्रत्येक ऑब्जेक्टची संख्या घटवतो आणि ती शून्यावर आली की त्याची मेमरी सोडतो. कारखान्याच्या जुन्या संगणकात मेमरी तोकडी असल्याने बऱ्याच नोंदी स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर गेल्या होत्या. ती संख्या घटवण्यासाठी चार-चार केबींची पाने डिस्कवरून परत मेमरीत आणली जात होती. टाकून द्यायचे सामान आधी गोदामातून उतरवून, घडी घालून मग टाकावे, तसा हा प्रकार होता. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, संपताच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिची सगळी मेमरी एकगठ्ठा ताब्यात घेतोच, त्यामुळे या खटाटोपाचा कोणालाही उपयोग नव्हता.

गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट शोधून काढणारा पायथॉनचा भाग, बंद करून भागेल, असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले. तो बंद केला, किंवा पायथॉन ३.७ मध्ये आलेले, ऑब्जेक्ट त्याच्या नजरेआड ठेवणारे ‘जीसी.फ्रीझ’ वापरले, तरी फक्त चक्राकार संदर्भांचा, म्हणजे एकमेकांकडेच बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टचा, शोध थांबतो. संदर्भसंख्येवरून होणारी मोडतोड चालूच राहते. उपाय ‘ओएस._एक्झिट’ हे फंक्शन हाच होता, कारण त्यात इंटरप्रिटरची आवराआवर पूर्णपणे वगळून प्रोसेस थेट संपवली जाते. इन्स्टाग्रामच्या अभियंत्यांनीही, त्यांच्या २०१७ मधील लेखानुसार, आपल्या सर्व्हरवर गार्बेज कलेक्टर बंद करताना, बंद होतेवेळचा खोळंबा टाळण्यासाठी हेच फंक्शन ‘अ‍ॅटएक्झिट’मध्ये, म्हणजे प्रोग्राम बंद होताना आपोआप चालवायच्या फंक्शनांच्या यादीत, नोंदवले होते.

आम्ही मात्र ते ‘अ‍ॅटएक्झिट’मध्ये ठेवले नाही. तेथे नोंदवलेली फंक्शने उलट्या क्रमाने चालतात, त्यामुळे ते सर्वांत आधी नोंदवून शेवटी चालवता आले असते; परंतु अहवाल मध्येच एखाद्या चुकीने फसला असता तरी शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, हाच निकाल बाहेर गेला असता आणि प्रोग्राम ठरल्या वेळी चालवणाऱ्या रात्रीच्या वेळापत्रकाने सर्व ठीक असल्याची नोंद केली असती. म्हणून ‘ओएस._एक्झिट’ मुख्य फंक्शनच्या अगदी शेवटी, सर्व काम नीट पार पडले तरच चालेल असे ठेवले. प्रोग्राम फसला तर तो नेहमीच्याच रीतीने, सावकाश बंद होईल. तेवढी वाट पाहणे मला परवडते.

खरे काम ती एक ओळ लिहिण्याचे नव्हतेच. कर्नल आपोआप काय करतो आणि काय करत नाही, याची छाननी करण्यात दुपार गेली. मेमरी आणि उघड्या फाइलींचे डिस्क्रिप्टर (त्या फाइलींचे क्रमांक) तो सोडवतो. बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात, अडकलेला, अद्याप फाइलीत न लिहिलेला मजकूर मात्र तसाच नाहीसा होतो, म्हणून सर्व फाइली आणि छापील आउटपुट आधी फ्लश करावे, म्हणजे तो मजकूर लिहून टाकावा, लागले. ‘एफलॉक’ने, म्हणजे कर्नलच्या स्वतःच्या सोयीने, घेतलेले कुलूप प्रोसेसबरोबर सुटते, परंतु आमचे कुलूप म्हणजे नुसते एका फाइलीचे अस्तित्व होते, आणि ती फाइल कर्नल पुसत नाही. तात्पुरत्या फोल्डरचेही तसेच. मुख्य कार्यालयाकडे आकडे पाठवणारा थ्रेड (प्रोग्राममध्येच समांतर चालणारे काम) अर्ध्यावर तुटू नये म्हणून त्याची वाट पाहणे, डेटाबेसमधील व्यवहार कायम करून जोडणी बंद करणे, फोल्डर पुसणे, फाइली फ्लश करणे, शेवटी लॉक फाइल काढणे आणि मगच ‘ओएस._एक्झिट’, असा क्रम ठरला.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना प्रोग्राम अहवालापाठोपाठ लगेच बंद झाला. दिवसभर नोंदी गोळा करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला हा बदल लावावा, असा आग्रह कारखान्याने धरला. तो आग्रह मी मानला नाही, कारण तो दुसरा प्रोग्राम महिन्यातून क्वचितच बंद होतो आणि तेथे वाचवण्यासारखा वेळच नाही. अहवालाच्या प्रोग्राममध्येही चाचणीसाठी एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे बाहेरून लावता येणारी खूण, ठेवले आहे. ते लावले की प्रोग्राम पूर्ण आवराआवर करूनच बंद होतो, म्हणजे उघड्या राहिलेल्या फाइलींबद्दल पायथॉन शेवटी देतो ते इशारे आमच्या नजरेतून सुटत नाहीत.