प्रेसमडला भाव आला

आमच्या पट्ट्यात सध्या प्रेसमडला भाव आलाय. माझी उभी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलरवर झाली. त्या काळात रस गाळून उरलेला हा काळा गाळ म्हणजे ‘न्या बाबा एकदाचा’ असला माल. ट्रॅक्टरवाला ट्रॉली भरायचा आणि रानात ओतायचा. आता त्यापासून बायोगॅस करतात, शुद्ध करून दाबून भरतात आणि तो सीएनजीच्या गाड्यांना चालतो. २०१८ साली केंद्राची ‘सतत’ योजना आली, तेल कंपन्या हा गॅस विकत घेणार म्हणाल्या, आणि चेअरमन मंडळींच्या भाषणात प्रेसमड शिरला.

कागदावरचं गणित झकास आहे. दिवसाला ५००० टन गाळप असेल तर पावणेदोनशे टनांच्या आसपास प्रेसमड निघतो. साधारण २५ टनांमागे १ टन गॅस धरतात, म्हणजे रोजचा ७ टन.

पण नोव्हेंबरात मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. डायजेस्टर म्हणजे गॅस करायची बंद टाकी, तिच्यातल्या जिवाणूंना मात्र बारा महिने खायला लागतं. मग प्रेसमड साठवायचा. साठवलेल्या ढिगात सकाळी फावडं घाला, वाफ अंगावर येते. ढीग आतून कुजत असतो. जो गॅस टाकीत धरायचा, त्यातला बराचसा असाच वाऱ्यावर जातो. वर प्रेसमडमध्ये गंधक, त्यामुळे गॅसला सडक्या अंड्याचा वास. तो गंधकाचा वायू काढला नाही तर पाइप आणि कॉम्प्रेसर खाऊन टाकतो. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर हे कुणी छापत नाही.

बगॅसचं, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याचं तसं नाही, तो आपला जुना भरवशाचा गडी. निम्मं पाणी असलं तरी जळतो. मूठभर घेऊन दाबायचा. तळवा नेहमीपेक्षा ओला लागला की मिलवाल्यांशी भांडण ठरलेलं, कारण वाफेचा दाब पडलाच म्हणून समजा. त्यावर कारखाने स्वतः चालतात, उरलेली वीज विकतात. ही वीज निविदा काढून घेतली जायला लागल्यापासून तिचा दर उतरला, एवढंच दुखणं.

पाचट, म्हणजे उसाचा वाळका पालाही बॉयलरला घाला म्हणणारे भेटतात. घालता येतं, पण त्यासोबत माती येते, क्षार येतात, ट्यूबांवर थर बसतो आणि तो खरवडताना हंगामाचे दिवस जातात. माझं मत विचाराल तर पाचट रानातच राहू दे. खोडव्याच्या सरीत आच्छादन केलं तर ओल टिकते. काडी लावणाऱ्यांना काय म्हणावं!

खरा प्रश्न स्लरीचा, म्हणजे गॅस निघाल्यावर डायजेस्टरमध्ये उरणाऱ्या पातळ गाळाचा आहे. गॅसमध्ये मुख्यतः कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक स्लरीतच राहतं. आमच्या रानातला ऊस, त्याचा गाळ, गॅसचे पैसे कारखान्याला, मग निदान खत तरी आमचं. ऊस घालताना टनामागे किती स्लरी परत मिळणार ते लिहून घ्या, असं मी गावात सांगत फिरतो. परवा एका संचालकांनी विचारलं, ‘तात्या, वाहतूक कुणी द्यायची?’ मुद्दा रास्त आहे. पातळ स्लरी म्हणजे बहुतेक पाणीच, लांब न्यायची तर डिझेलच जास्त. पिळून घट्ट भाग वेगळा काढला तर ट्रॉलीनं नेता येतो, आणि पाणी शेजारच्या रानांना पाइपनं. त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरा, असं मी त्यांना म्हटलंय.