झेब्रा बंद करताना

ड्रेनेजची लाइन टाकायला रस्ता खोदायचा होता आणि आखणीत चौकातलं झेब्रा क्रॉसिंग बरोबर मधे आलं. मी ठेकेदाराकडे साइट इंजिनीअर. जागा कोथरूडच्या बाजूची. शाळा, बसथांबा, भाजीवाले, सगळी गर्दी एकाच कोपऱ्यावर. खोदाईची परवानगी महापालिकेची, ना-हरकत वाहतूक पोलिसांची, आणि दोन्हीकडे नकाशा जोडायचा. गाड्या कुठून वळवायच्या ते आमच्या ड्राफ्ट्समनने सुरेख काढलं होतं. माणसं मात्र नकाशात कुठेच नव्हती.

मी इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी) एसपी ५५ उघडलं. रस्त्याचं काम चालू असताना रहदारी कशी सांभाळायची याची ही मार्गदर्शिका. आवृत्ती २०१४ ची. त्यात कामाच्या जागेचे चार भाग पाडलेत: आगाऊ सूचनेचा, वळवण्याचा, प्रत्यक्ष कामाचा आणि कामाची जागा ओलांडल्यावर रहदारी पूर्ववत होण्याचा. गाडीवाल्याला आधी सांगा, मग वळवा, असा त्याचा रोख. मी तोच न्याय पायी चालणाऱ्याला लावला. खड्ड्याच्या तोंडाशी ‘बंद’ लिहून काय उपयोग? तिथवर आलेला माणूस मागे फिरत नाही, गाड्यांमधून वाट काढतो. पाटी हवी अलीकडच्या कोपऱ्यावर, जिथून त्याला दुसरीकडे वळता येतं.

मालकांचं म्हणणं सोपं होतं. “कॉशन टेप बांधा दोन खांबांना, झालं.”

टेप बांधली. सकाळी पहिल्याच आजींनी पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने टेप वर उचलली, वाकून आत आल्या आणि मागच्या सुनेसाठी धरूनही ठेवली. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला तर टेप असून नसल्यासारखी; काठी खालून निघून जाते. रस्त्यांवरच्या चिन्हांसाठी अमेरिकेत जी नियमावली वापरतात, तिच्यात टेप, दोरी आणि प्लास्टिकची साखळी पायी माणसांना अडवायला वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय. आम्हाला जमिनीलगत आडवी फळी असलेली बॅरिकेड्स हवी होती, तीही झेब्र्याच्या दोन्ही टोकांना.

पैशाची गोष्ट आली तसा मी मोटार वाहन कायद्यातलं कलम १९८अ काढलं. २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. रस्त्याच्या कामात सुरक्षेची मानकं पाळली नाहीत आणि त्यातून कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदारालाही एक लाखापर्यंत दंड. मालकांनी ते दोनदा वाचलं आणि बॅरिकेड्स आली.

मग पाटीचा मजकूर. लाल कड्यातला चालणारा माणूस आणि त्यावर तिरकी रेघ, हे ‘पादचाऱ्यांना मनाई’चं चिन्ह सगळ्यांना कळतं. पण ते जाऊ नका एवढंच सांगतं. कुठून जायचं ते सांगत नाही. ‘८० मीटरवर ओलांडा’ लिहिलं तर लोक मीटर मोजत बसणार नाहीत. शेवटी लिहिलं: ‘इथला झेब्रा बंद. दवाखान्यासमोरून रस्ता ओलांडा.’ खाली ठसठशीत बाण, त्याखाली कामाची तारीख. तारखेची पट्टी मुद्दाम वेगळी चिकटवली, कारण ड्रेनेजचं काम वेळेत संपतं यावर माझा विश्वास नाही.

छापणाऱ्याला बजावलं होतं, फ्लेक्स नको, रात्री चमकणारी रिफ्लेक्टिव्ह शीट हवी. शीट त्याने नीट दिली, पण दोन्ही पाट्यांवर बाण उजवीकडे! रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर पाट्या लागल्या की एकीचा बाण दुसरीच्या उलट हवा, हे त्याला चहाच्या टपरीवर कागद फाडून दाखवावं लागलं. तोवर डांबरावरून उलट्या दिशेने निघालेली दोन शाळकरी पोरं आमच्या वॉर्डनने परत आणली.

राहिला सिग्नल. झेब्रा बंद, पण पायी लोकांचा हिरवा माणूस आपला इमानेइतबारे लागतोच आहे. पाटीपेक्षा लोक दिव्यावर जास्त विश्वास ठेवतात. वाहतूक पोलिसांना पत्र देऊन तो दिवा बंद करून घेतला आणि वर गोणपाट बांधलं. उरलेल्या पांढऱ्या पट्ट्याही झाकल्या, कारण पट्टे दिसले की पाय आपोआप तिकडेच वळतात.

खड्डा बुजवून डांबर झालं तसे मालक म्हणाले, “आता काढा पाट्या.” मी थांबवलं. थर्मोप्लास्टिकचे पट्टे अजून मारायचे होते आणि दिवाही बंदच होता. पट्टे मारून झाले, दिवा लागला, त्याच दुपारी पाट्या उतरवल्या आणि फोटोसह पत्र दोन्ही कार्यालयांत दिलं. काम संपल्यावरही महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या पाट्यांनीच आपल्याकडे लोकांना पाटी न वाचायची सवय लावलीय, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या दोन्ही पाट्या सध्या गोडाऊनमध्ये आहेत. पुढच्या साइटवर दवाखाना नाही, बँक आहे. तेवढी एक ओळ बदलून घ्यायचीय.