अण्णांच्या रक्तदाबाची घरून नोंद : माझा अनुभव

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, उच्च रक्तदाब जुना आहे; किडनीचे काम मंदावल्याचे क्रिएटिनिनच्या (किडनी रक्तातून गाळून टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या) तपासणीतून कळले ते मात्र अलीकडे. नाशिकरोडहून द्वारका चौकाच्या गर्दीतून वाट काढत गंगापूर रोडच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांचा जीव मेटाकुटीला येई आणि तिथे दंडाला पट्टा लागला की वरचा आकडा हमखास १६० च्या पुढे जाई. घरी तो किती असतो हे पाहिल्याशिवाय गोळी वाढवायची नाही, असे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवले आणि घरची मोजणी मोबाईलवरून थेट त्यांच्याकडे पाठवण्याची व्यवस्था सुचवली.

मनगटावरचे यंत्र नको, दंडावरचे आणि अचूकतेची चाचणी झालेलेच घ्या, एवढी सूचना होती. खरी अडचण पट्ट्याची निघाली. यंत्राबरोबर आलेल्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असे छापलेले होते आणि आईच्या शिवणाच्या टेपने अण्णांचा दंड मोजला तर तो ३४ भरला. पट्टा लहान पडला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, त्यामुळे मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेली धमनी आणि शिरेची जोडणी) केलेला असेल तर त्या हाताला पट्टा लावायचा नसतो. अण्णांवर ती वेळ आलेली नाही, तरी दवाखान्यातल्या सिस्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

मोजण्याची रीत त्यांनी अण्णांकडून करवून घेतली. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे. हात छातीच्या उंचीला यावा म्हणून आम्ही टेबलावर पाट ठेवून त्यावर उशी घातली. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या बोटभर वर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे, संध्याकाळी पुन्हा तसेच. यातले गप्प बसणे अण्णांना सर्वांत जड गेले, कारण पेपर हातात आला की महापालिकेवर बोलल्यावाचून त्यांना राहवत नाही, आणि मोजताना बोलले की आकडा चढतो.

ॲपने वेगळाच घोळ घातला. यंत्रात दोन व्यक्तींच्या नोंदींसाठी दोन बटणे आहेत. आईने कुतूहलापोटी स्वतःचा बी.पी. अण्णांच्या बटणावर मोजला आणि तिचे ११८ थेट डॉक्टरांकडे गेले. सिस्टरांनी फोन करून ती नोंद वगळली, मी त्या बटणाला लाल टिकली चिकटवली, आणि आईने दुसरे बटण आपले मानले.

सात दिवसांनंतर पहिल्या दिवसाच्या नोंदी सोडून बाकीच्यांची सरासरी काढली गेली. दवाखान्यात १४०/९० ही जशी सीमारेषा, तशी घरच्या मोजणीत १३५/८५ असते. अण्णांची सरासरी दवाखान्याइतकी वाईट नव्हती, पण त्या रेषेच्या वर होती, आणि विशेष म्हणजे सकाळचे आकडे संध्याकाळपेक्षा ठळकपणे जास्त होते. मला तर वाटले होते की घाबरटपणाचाच सगळा दोष आहे. डॉक्टरांनी फोनवरच टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला, मात्र दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला सांगितले, कारण या गोळीने दोन्ही वाढू शकतात. त्याच कारणाने शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेले ‘कमी सोडियमचे मीठ’ परत करावे लागले; त्यात सोडियमच्या जागी बरेचसे पोटॅशियम असते आणि किडनीच्या रुग्णाला ते धोक्याचे ठरू शकते. साधे मीठही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, त्यामुळे पापड, लोणचे आणि चिवडा यांवर गदा आली. चिवड्यावरून घरात अजून वाद होतात.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच विचारून घ्यावी : पाठवलेले आकडे कोण आणि केव्हा पाहते? आमच्या दवाखान्यात ते कामाच्या वेळेतच पाहिले जातात. त्यामुळे १८०/१२० च्या वर आकडा आला तर थोडे थांबून पुन्हा मोजायचे, तसाच राहिला तर दवाखान्याला फोन करायचा, आणि जोडीला छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर फोनची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठायचे, असे आम्हाला लिहून दिले आहे.

रक्ताचे अहवाल ठीक आले. आता रोज मोजण्याची गरज उरलेली नाही. पुढच्या भेटीआधीचा आठवडा तेवढा नोंदवायचा आहे, आणि उभे राहताना अण्णांना चक्कर आली तर उभ्याने मोजलेले एक रीडिंगही पाठवायचे आहे.