तुम्ही विचारलंत म्हणून: साइटला कळणारच नाही असा ॲडब्लॉकर असतो का?

अमळनेरला माझं कॉम्प्युटरचं छोटं दुकान आहे आणि कापसाचा भाव बघणाऱ्या काकांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांची एकच फर्माईश, "भाऊ, साइटले समजनार नही असं काही टाकी द्या ना." म्हणजे जाहिरात पण नको आणि "आधी ॲडब्लॉकर बंद करा" ही पाटी पण नको.

आता साइट पकडते कशी ते बघा. पानात एक रिकामा चौकोन ठेवते, त्याला मुद्दाम जाहिरातीसारखं नाव देते, ब्लॉकर नाव वाचून तो चौकोन गायब करतो आणि लगेच साइटची स्क्रिप्ट (पानासोबत येणारा छोटा प्रोग्राम) त्याची उंची मोजते. शून्य आली की सापडलात! नाहीतर जाहिरातीची फाइल आली की नाही तेवढंच तपासते.

पण ब्राउझर तर आपल्या मशीनवर चालतो ना, आणि तिथे ब्लॉकरला साइटच्या स्क्रिप्टपेक्षा जास्त अधिकार असतात. 2017 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे अरविंद नारायणन आणि मंडळींनी हाच मुद्दा धरला, की जाहिरात येऊ द्या, पानाला सगळं जागच्या जागी आहे असं भासवा, आणि फक्त आपल्या डोळ्यांपुढून झाका. जाहिरात ओळखायची कशी, तर माणूस ओळखतो तशी, 'स्पॉन्सर्ड' लिहिलेलं बघून. मग 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी चित्रात डोळ्याला न जाणवणारे फेरफार करून असे 'बघणारे' ब्लॉकर फसवून दाखवले. चाललंय आपलं.

तर जमू शकतं, बऱ्यापैकी. पण गोम अशी की पकडलं जायचं नसेल तर जाहिरातीची फाइल उतरवावीच लागणार, म्हणजे डेटा गेला, फोन गरम झाला, तुमच्यावर पाळतही राहिली, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक तर ह्याच तीन गोष्टींना वैतागून येतात! व्हिडिओचं तर त्याहून अवघड. 2024 मध्ये यूट्यूबने जाहिरात व्हिडिओतच शिवून पाठवायची चाचणी केली. त्यात सर्व्हरने ठरवलं की पंधरा सेकंद झाल्याशिवाय पुढचा तुकडा द्यायचाच नाही, तर तुम्ही पडदा काळा करा, आवाज बंद करा, पण बसा तिथेच.

म्हणून मी फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन नावाचा ॲडब्लॉकर टाकून देतो (क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच चालते) आणि सांगतो, पाटी आली तर ब्लॉकरची यादी (काय अडवायचं ते त्यात असतं) अपडेट करून बघा, तरी नाही गेली तर दुसरी साइट उघडा, कापसाचा भाव काय एकाच ठिकाणी मिळतो का.