डाव्या बाजूचं एंटरप्राइझ

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात मी स्वयंसेवक म्हणून लोकांना माहिती सांगते. ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतल्या एंटरप्राइझ या अंतराळजहाजाचं चित्रीकरणासाठी बनवलेलं मूळ मॉडेल पूर्वी आमच्या खालच्या मजल्यावरच्या दुकानात असायचं. दोन वर्षं दुरुस्ती-जतनाचं काम करून 2016 च्या जुलैत ते मुख्य दालनात आणलं. शेजारी लिंडबर्गचं अटलांटिक ओलांडलेलं खरंखुरं विमान आहे, तरी गर्दी या 11 फुटी नमुन्याभोवतीच. लोक येतात, उजव्या बाजूला उभे राहून फोटो काढतात आणि कॅप्टनबद्दल विचारतात. कोणी बनवलं, हे क्वचितच कुणी विचारतं.

त्याच वर्षी थंडी सुरू होताना एक मराठी कुटुंब आलं. मुलगा-सून इथलीच, सोबत नातू आणि कोल्हापूरहून आलेले आजोबा, म्हणजे माझ्यासाठी काका. त्यांनी तिथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात आयुष्यभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचे नमुने, बनवले. मालिका त्यांनी पाहिलेली नव्हती. नातू उजवीकडे धावला, काका सरळ डावीकडे गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

“ताई, हिकडचं काम का सोडलंय?”

इतक्या लोकांना हे मॉडेल दाखवलं, पण सुरुवात डावीकडून करणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. या बाजूला खिडक्या नाहीत, उजवीकडचे बारकावे नाहीत. मी सांगितलं, 1964 च्या अखेरीस मॉडेल तयार झालं तेव्हा त्यात दिवे नव्हतेच. ते नंतर घातले. त्यांच्या वायरी डाव्या अंगातून बाहेर काढल्या, त्यामुळे चित्रीकरण फक्त उजव्या बाजूनं व्हायचं. जहाज उलट दिशेनं जाताना दाखवायचं असेल तर उजव्या बाजूवर उलटी अक्षरं चिकटवायची, तसं चित्रीकरण करायचं आणि फिल्म पालटायची.

काका खूश झाले. “बरोबर केलं. जी बाजू कामाची, तिलाच तास द्यायचे. मालक पैसे मोजतोय न्हवं.”

मग त्यांनी काचेबाहेरूनच वस्तू वाचायला सुरुवात केली. मागच्या इंजिनाच्या नळ्यांकडे बोट करून म्हणाले, “ह्या पत्र्याच्या. रोलिंगवर वळवल्यात. आणि हे पोट लाकडाचं. कुठलं लाकूड?” पॉप्लर, मी म्हटलं. ते लाकूड त्यांच्या हाताखालून गेलेलं नव्हतं. मऊ आणि बारीक पोताचं असतं, रंग छान धरतं, असं सांगितल्यावर मान हलवली. “आमच्याकडं सागवान. पॅटर्न वाळूत हजारदा जातो, झिजून चालत न्हाई. ह्याला कोन हात लावनार?” वरच्या मोठ्या तबकडीबद्दल मात्र ते अडले. ती प्लास्टिकची, तापवून साच्यावर ओढून घेतलेली, असं म्हटल्याबरोबर म्हणाले, “म्हंजे त्याचाबी साचा कुनीतरी केलाच की!”

तबकडीच्या वरच्या अंगाला पेन्सिलच्या रेघा आहेत. अगदी पुसट. केंद्रातून कडेकडे गेलेल्या आणि गोल गोल फिरणाऱ्या. प्रकाश तिरपा पडला तरच नजरेत येतात. मी दाखवायच्या आत त्यांना दिसल्या. चष्मा काढून, पुसून, परत लावून ते बराच वेळ बघत राहिले. “हात थांबलेला न्हाई बघा कुठं. एका दमात ओढल्यात.”

इथे मला माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगता आली. संग्रहालयाकडे हे मॉडेल 1974 साली आलं आणि त्यानंतर वेगवेगळ्या वेळी त्याची डागडुजी झाली. 1991 च्या कामात जहाजावर जाड, ठळक रेघांचं रंगकाम चढलं. ते मला कधीच पटलं नाही, फार भडक वाटायचं. पण त्या सगळ्यातून तबकडीचा वरचा भाग वाचला. तिथला रंग आजही साठच्या दशकातला मूळ रंग आहे. शेवटच्या कामात तज्ज्ञांनी एक्स-रे काढून आतली रचना पाहिली, जुने फोटो जमवले, आणि तो वाचलेला रंग प्रमाण मानून बाकीचं जहाज ऑगस्ट 1967 मधल्या रूपाला नेलं. म्हणजे आपण बघतो त्या पेन्सिलच्या रेघा खऱ्या आहेत, नंतर कुणी काढलेल्या नाहीत.

काका काही बोलले नाहीत. नातवाला हाक मारून कडेवर घेतलं आणि त्याला रेघ कुठून सुरू होते ते दाखवलं.

“पर येवढं मोठं कशाला? टीव्हीत तर इवलंसं दिसनार.” हा प्रश्न मला फार आवडला. लहान मॉडेलजवळ कॅमेरा नेला की एक टोक स्पष्ट दिसतं, दुसरं धूसर होतं आणि खेळणं आहे हे लगेच उघडं पडतं. आकार मोठा असला की टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट दिसतं. शिवाय एवढं जड धूड हलवणार कोण? म्हणून बहुतेक वेळा जहाज जागेवर असायचं आणि कॅमेरा रुळांवरून पुढे सरकायचा. पुढच्या दोन लाल घुमटांत झगमग दिसते, त्यासाठी आत ख्रिसमसचे दिवे, आरशांचे तुकडे आणि मोटरवर फिरणारी पाती बसवली होती. काकांनी ते मुलाकडून पुन्हा समजावून घेतलं.

शेवटी त्यांनी नावं विचारली. आराखडा मॅट जेफरीज यांचा. बांधणी रिचर्ड डेटिन यांच्या देखरेखीखाली, बरबँकच्या प्रॉडक्शन मॉडेल शॉपमध्ये झाली, ती कार्यशाळा व्होल्मर जेन्सन यांची. हातानं काम करणारे मेल कीज आणि व्हर्न सायन. काकांनी मुलाला फोनवर ती नावं मराठीत लिहायला लावली. शेवटची दोन नावं नीट लिहिलीत का, हे त्यांनी स्वतः वाचून बघितलं.

पुढे मी त्यांना अपोलोच्या चांद्रयानाकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, “ह्याचं लाकडी मॉडेल कुनी केलंतं?” ते बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीनं चांद्रयानाचा पूर्ण आकाराचा लाकडी नमुना खरोखरच आधी केला होता, असं मी सांगितलं, आणि तिथे आमचा आणखी अर्धा तास गेला.