इंटर्नशिप अमेरिकेत, अडकलो गोपनीयच्या टेबलाशी

गोल्फ क्लबवर इंटर्न म्हणून कसं जायचं, असं आमच्या कॉलेजची पोरं फोन करून विचारतात. त्यांना व्हिसाचं ऐकायचं असतं. मी आधी पोलीस ठाण्याचं सांगतो. माझं घोडं तिथंच पेंड खात बसलं होतं, तेही अडीच महिने.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखालच्या कॉलेजात बी.एस्सी. ॲग्री करत होतो. सातव्या सेमिस्टरला आम्हाला ‘रावे’ असतं. म्हणजे एखाद्या गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करायचं. ऑगस्ट २०२३ मध्ये १,५०० रुपये भरून पासपोर्टचा अर्ज केला. पत्ता गावचा दिला आणि मी रावेच्या गावाला निघून गेलो. चूक इथं झाली, पण तेव्हा कोणाला कळतंय!

काही दिवसांतच पोलीस पासपोर्टच्या तपासणीला घरी आले. मी साठ किलोमीटरवर कपाशीत किडींसाठी लावलेले कामगंध सापळे मोजत होतो. आईनं खरं ते सांगितलं, “तो गावात नाही ना बाप्पा, कॉलेजात शिकून राहिला.” झालं. अहवाल गेला, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.’ मला हे पंधरा दिवसांनी कळलं, तेही वेबसाइटवर स्टेटस पाहून.

पासपोर्टवाल्यांकडे खुलासा दिला, त्यांनी फेरतपासणी लावली. तिथं त्रास नाही झाला. कागद पुन्हा जिल्ह्याला एसपी ऑफिसच्या विशेष शाखेत आणि तिथून आमच्या ठाण्यात आला. ठाण्यात पासपोर्टचं काम ‘गोपनीय’कडे असतं. गोपनीय म्हणजे एक खोली, एक हवालदार आणि काच टाकलेलं टेबल. काचेखाली गजानन महाराजांचा फोटो आणि शेजारी बंदोबस्ताची यादी. ती यादी मला पाठ झाली, कारण साहेब कायम तिच्यातच असायचे.

पहिल्यांदा गेलो तर गणपतीचा बंदोबस्त. दुसऱ्यांदा गेलो तर विसर्जनाचा. तिसऱ्या वेळी साहेब भेटले, पण दोन शेजारी साक्षीदार म्हणून आणायला सांगितले. कापूस वेचणी सुरू झालेली. बाबांनी दोघांची मजुरी बुडवून, काळीपिवळीचं भाडं देऊन त्यांना ठाण्यात आणलं. त्या दिवशी टॅबला नेट नव्हतं. “उद्या या.” दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणाले, “तूच जाय आता, आमच्यानं नाही होत.” त्यांचं काही चुकलं नाही. पुढं देवी बसली. आमच्या जिल्ह्यात देवी म्हणजे काय असतं ते इकडच्यांना सांगायला नको, अख्खं पोलीस खातं रस्त्यावर असतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चहापाण्याचे पैसे कोणी मागितले नाहीत. नुसता वेळ खाल्ला. कधीकधी वाटायचं, मागितले असते तर निदान रागावता तरी आलं असतं.

तिकडं नॉर्थ कॅरोलिनातल्या क्लबनं व्हिडिओवर मुलाखत घेऊन जूनची जागा धरून ठेवली होती. पासपोर्टची प्रत डिसेंबरअखेर पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी दर आठवड्याला त्यांना ‘इन प्रोसेस’ असं लिहीत होतो. हा शब्द मी कॉलेजात चार वर्षांत वापरला नसेल तेवढा त्या दोन महिन्यांत वापरला.

दसऱ्यानंतर पाचव्यांदा गेलो. साहेब वर न बघता म्हणाले, “कोणतं काम हाय तिकडं?”

“गोल्फ क्लबवर, साहेब.”

“म्हंजे ते काठीनं गोटी मारतेत ते? खेळाले चालला काय?”

“नाही साहेब. गवत कापाले.”

आता त्यांनी मान वर केली. “गवत कापाले अमेरिकेत? काहून, इथं गवत कमी पडलं काय?”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो, काय करणार! पण त्या हसण्यात फाइल बाहेर आली. “तू घरी नव्हता याचा काही पुरावा हाय काय?” पुरावा म्हणजे काय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कोणी विचारलं. कॉलेजकडून बोनाफाईड आणलं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हा विद्यार्थी रावेसाठी अमुक गावी होता, असं त्यात स्पष्ट लिहून घेतलं होतं. त्या एका कागदावर चार दिवसांत अहवाल गेला. हा कागद अर्ज करण्याआधीच खिशात ठेवा, म्हणून एवढं लांबण लावलं. किंवा सरळ तुम्ही जिथं राहता तो पत्ता द्या.

आणि ठाण्यातून कागद पुढं गेला की जावक क्रमांक मागून घ्या. एसपी ऑफिसात “आमच्याकडं आलाच नाही” म्हणाले, तेव्हा मी तो नंबर दाखवला. कागद तिथंच गठ्ठ्यात निघाला.

दिवाळीनंतर पोस्टमनकाका पासपोर्ट घेऊन आले. बाबांनी देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग मी उघडून पाहिला, तर आडनावाची जागा रिकामी! तालुक्याच्या नेट कॅफेवाल्यानं माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव असं सगळं एकाच रकान्यात कोंबलं होतं, आणि मी न वाचता पैसे भरले होते. दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी. माझ्यात दम नव्हता. तसाच निघालो.

बाकीचं भराभर सांगतो, कारण ते झालंही भराभर. हा जे-१ व्हिसा, इंटर्न वर्गातला. जास्तीत जास्त बारा महिने. शिकत असाल किंवा डिग्री होऊन बारा महिने झाले नसतील तरच मिळतो. व्हिसाचे कागद क्लब देत नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था देते, म्हणून एजंट काहीही म्हणो, संस्थेचं नाव खात्याच्या यादीत बघा. काय शिकवणार त्याचा आराखडा डीएस-७००२ वर, आणि मुख्य कागद डीएस-२०१९. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी नोंदणीचे, २२० डॉलर, व्हिसाचे तेव्हा १८५. विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, एक दिवस बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल नेता येत नाही, मावसभाऊ बाहेर फोन धरून उभा होता. तीन मिनिटं लागली.

पासपोर्टवर आडनाव नसलं की अमेरिकेच्या व्हिसावर तुमचं सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं. ‘फर्स्ट नेम अननोन’. क्लबच्या पगाराच्या यादीत तेच गेलं. पहिल्या दिवशी पहाटे पाचला शेडमध्ये गेलो, तर कामाच्या पांढऱ्या फळ्यावर लिहिलेलं, ‘फनू – बंकर’. फनू म्हणजे मी, बंकर म्हणजे मैदानातले वाळूचे खड्डे. वर्षभर मी फनू होतो.

काम मात्र झकास. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवरचं, गवत साधारण तीन मिलिमीटरवर कापायचं आणि भोक रोज नव्या जागी पाडायचं, सव्वाचार इंच व्यासाचं, जरा कमी नाही की जास्त नाही. हिवाळ्यात दव गोठलं की ऊन येईपर्यंत ग्रीनवर पाय ठेवायला बंदी, पातं मोडतं. फेअरवेवरचं, म्हणजे ग्रीनकडं जाणाऱ्या लांब पट्ट्यावरचं, गवत बर्म्युडा. वाकून पाहिलं तर आपली हरळीच, फक्त सुधारित वाणाची. बाबांनी जन्मभर कपाशीतून जी उपटून बांधावर फेकली, तिला इथं खत, पाणी आणि फवारणी. व्हिडिओवर दाखवलं तर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बियाणं आणू नको बरं तिचं.”

हो, पगाराची स्लिप वाचत जा. जे-१ वर नव्यानं आलेल्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी (तिकडची पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) कापायचं नसतं, मिळून ७.६५ टक्के होतात. माझे पहिल्या दोन स्लिपांत कापले गेले होते, सांगितल्यावर परत मिळाले.

आता परत आलोय. आडनावाच्या दुरुस्तीचा अर्ज भरून ठेवलाय, या वेळी स्वतः, तीनदा वाचून. बोनाफाईड लागणार नाही, मी गावातच आहे. तरी देवीचं विसर्जन झाल्याशिवाय सबमिट करायचा नाही, असं ठरवलंय.